ईडॅक पॅचचा रिव्ह्यू: ड्रायव्हर बोलेल त्या दिवशी खरं बोलेल का?

प्रश्न चोपड्याच्या एका तरुण इंजिनिअरचा आहे. गावी राहून ते सर्व्हर बनवणाऱ्या एका कंपनीचं काम करतात. नव्या प्रोसेसरसाठी लिनक्सच्या ईडॅक ड्रायव्हरमध्ये (मेमरीतली चूक रॅमच्या कोणत्या पट्टीत झाली ते सांगणारा भाग) सपोर्ट घालणारे चार पॅच, म्हणजे कोडमधले बदल, सहकाऱ्याने त्यांच्याकडे रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, पाठवलेत. पहिल्यात जुना कोड एका सामायिक फाइलमध्ये हलवलाय. दुसऱ्यात आयडीच्या तक्त्यात नव्या प्रोसेसरची ओळ आहे. तिसऱ्यात रजिस्टरांचे (हार्डवेअर आपली माहिती ठेवतं त्या छोट्या जागांचे) नवे ऑफसेट, म्हणजे त्या कुठे आहेत ते आकडे, आणि मेमरीचा आकार काढणारं फंक्शन, चौथ्यात मेमरीच्या पत्त्याचं पट्टीतल्या जागेत भाषांतर. तिसऱ्यातला एक तुकडा त्यांनी सोबत दिलाय. नवं मशीन त्यांच्याकडे नाही, आधीच्या पिढीचं एक आहे. प्रोसेसरची डेटाशीट (माहितीपुस्तिका) अर्धवट मिळालीय. ते विचारतात, "कोड स्वच्छ दिसतो, कंपाइल होतो, चेकपॅच काही बोलत नाही. मी रिव्ह्यूड-बाय द्यावं का? नेमकं काय तपासू?" चेकपॅच ही पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट, आणि रिव्ह्यूड-बाय ही "मी तपासलं" अशी पॅचवर आपल्या नावाची नोंद.

भाऊ, कोड स्वच्छ आहे का, हा यातला सोपा प्रश्न आहे. अवघड प्रश्न असा की हा ड्रायव्हर ज्या दिवशी बोलेल, त्या दिवशी खरं बोलेल का. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर चुकला तर पिंग जात नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. ईडॅकचा ड्रायव्हर चुकला तर वर्ष-दोन वर्षं काहीच होत नाही, कारण त्याला बोलायची वेळच येत नाही. मग एका रात्री रॅमची एक पट्टी बिघडते, ड्रायव्हर सांगतो "कंट्रोलर ०, चॅनल १, स्लॉट ०" (मेमरी सांभाळणारा भाग, त्याच्यापासून पट्ट्यांकडे जाणारी वाट आणि पट्टीची खाच), आणि डेटा सेंटरमधला माणूस ती पट्टी उपटून दुसरी लावतो. पत्ता चुकलेला असेल तर चांगली पट्टी कचऱ्यात जाते आणि बिघडलेली तिथेच राहते. अशा ड्रायव्हरपेक्षा ड्रायव्हर नसलेला बरा. नसता तर माणसाने निदान एकेक पट्टी काढून शोध घेतला असता.

माझे वडील भुसावळच्या रेल्वे यार्डात होते. वाघिणीत (मालगाडीच्या डब्यात) दोष सापडला की तिचा नंबर लिहून ती सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, पाठवायची, हे त्यांचं रोजचं काम. रेल्वेच्या वाघिणीचा नंबर ११ आकडी असतो आणि शेवटचा आकडा तपासणीचा असतो. आधीच्या दहांवरून तो काढता येतो. लिहिताना आकडा चुकला तर चूक झाली एवढं त्यावरून कळतं, पण आपल्याला हवी असलेली वाघीण कोणत्या रुळावर उभी आहे ते कळत नाही. त्यासाठी यार्डाचा नकाशा डोक्यात हवा. मेमरीचं गणित समजावताना मला नेहमी हेच आठवतं: चूक पकडणं हे एक काम, ती कुठे झाली ते सांगणं हे दुसरं. ईडॅक ड्रायव्हर फक्त दुसरं काम करतो.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. मेमरीतला बिट उलटण्याची कारणं अनेक. चिपच्या वेष्टणातल्या किरणोत्सारी अशुद्धीमुळे बिट उलटतात हे १९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेलमधल्या संशोधकांनी दाखवलं. अवकाशातून येणारे कण, कमजोर झालेला सेल (एक बिट साठवणारा कप्पा), स्लॉटमध्ये नीट न बसलेली पट्टी, ही बाकीची कारणं. ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करता येणाऱ्या मेमरीत ६४ बिट डेटाबरोबर ८ तपासणी बिट साठवतात. एक बिट उलटला तर दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. मूळ कल्पना रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० मधल्या कामातली. गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये दुरुस्त झालेल्या चुका आढळल्या होत्या. दुरुस्ती हार्डवेअरमधला मेमरी कंट्रोलर करतो. ड्रायव्हर त्याने लिहून ठेवलेली नोंद वाचतो आणि माणसाला समजेल अशा जागेत तिचं भाषांतर करतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ईडॅक २००६ पासून, २.६.१६ आवृत्तीपासून आहे. मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचा. एएमडीने तो २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरच्याच आत घेतला. तेव्हापासून प्रोसेसरची पिढी बदलली की मेमरीचा नकाशा बदलतो, आणि तुमच्याकडे आलेत तसे पॅच येत राहतात.

हा बदल शेतीवाल्या घरातल्या माणसाला चटकन समजतो. गावात एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तीच, विहीर तीच, नंबर नवा. जुना नंबर धरून कोणी बोजा चढवला तर तो भलत्याच्याच सातबाऱ्यावर जाऊन बसतो. नवा प्रोसेसर म्हणजे नवी एकत्रीकरण योजना. सिस्टीमचा पत्ता तोच असतो, पण तो कोणत्या सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा), कोणत्या कंट्रोलरच्या, कोणत्या चॅनलवरच्या पट्टीत, आणि त्या पट्टीतल्या कोणत्या रँकमध्ये (चिपांचा गट), बँकमध्ये (चिपमधला भाग), रोमध्ये (आडवी ओळ) आणि कॉलममध्ये (उभी ओळ) पडतो, हे सगळं नव्याने ठरलेलं असतं.

आता तुमचे पॅच. मी रिव्ह्यूला बसते तेव्हा कोड लगेच उघडत नाही. आधी कागदावर मशीन काढते: किती सॉकेट, प्रत्येकात किती मेमरी कंट्रोलर, कंट्रोलरला किती चॅनल, चॅनलवर किती स्लॉट. मग कोडमधले आकडे त्या चित्राशी जुळवते. नव्या पिढीचं स्ट्रक्चर (मशीनचे आकडे ठेवणारा कोडमधला तक्ता) जवळजवळ नेहमी जुन्याची नक्कल करून तयार होतं आणि त्यात एखादा जुना आकडा राहून जातो. चॅनलची संख्या कमी राहिली तर शेवटचे चॅनल ड्रायव्हरला दिसतच नाहीत. जास्त राहिली तर भलतीच रजिस्टरं वाचली जातात. दोन्ही वेळा कंपाइलर खूश असतो.

चित्र झालं की पॅचचा क्रम बघते, आणि इथे तुमच्या मालिकेत पहिली हरकत आहे. आयडीची ओळ दुसऱ्या पॅचमध्ये आलीय आणि त्या प्रोसेसरचे ऑफसेट तिसऱ्यात. उद्या कोणी दुसराच दोष शोधायला बायसेक्ट करताना (तो कोणत्या पॅचने आला ते मधल्या-मधल्या पॅचवर थांबून बघताना) बरोबर या दोघांच्या मध्ये थांबला, तर त्याचा कर्नल नवा प्रोसेसर ओळखेल, पण रजिस्टरं जुन्या जागी वाचेल. आयडीची ओळ शेवटी हवी. हा बदल फुकटात होतो, आधी तो मागा.

त्या ओळीत आणखी दोन गोष्टी बघा. फॅमिली आणि मॉडेलचे (प्रोसेसरची पिढी आणि तिच्यातला प्रकार) आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर, आहेत की दशमानात? एएमडीच्या पहिल्या झेन प्रोसेसरची फॅमिली १७ म्हणतात ती हेक्समधली, दशमानात ती २३ होते. आणि मॉडेलची रेंज किती रुंद आहे? "ह्या फॅमिलीतले सगळे" अशी रेंज लिहिली तर अजून बाजारात न आलेला प्रोसेसरही त्यात सापडतो. त्याचे चॅनल वेगळे निघाले तर ड्रायव्हर त्यावर लोड होऊन आत्मविश्वासाने चुकीचा आकार छापेल.

पहिला पॅच, कोड हलवण्याचा, यावर फार वेळ घालवू नका. गिटला (कोडचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम) हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायला सांगा. जी ओळ हलवलेली म्हणून रंगली नाही तीच वाचा. "वर्तनात बदल नाही" असं वर्णनात लिहून आत एखादी अट बदललेली असेल तर ती तिथेच सापडते.

तिसरा पॅच मात्र सावकाश वाचायचा. ऑफसेटबद्दल माझा नियम असा की प्रत्येक नवा आकडा कुठून आला ते मी लेखकाला विचारते. "माझ्या मशीनवर चाललं" हे उत्तर मी घेत नाही, कारण चुकीच्या ऑफसेटवरही काहीतरी आकडा वाचला जातोच. जे पीसीआय डिव्हाइस (पीसीआय या अंतर्गत जोडणीवरचा हार्डवेअरचा भाग) अस्तित्वात नाही किंवा बायोसने (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) लपवलंय, ते वाचलं तर सगळे बिट १ येतात. मग "पट्टी आहे" हा बिटही १, "ईसीसी चालू" हाही १. सगळे बिट १ आले तर ड्रायव्हर थांबतो का, हे पहिल्यांदा बघा. मी तपासलेल्या बऱ्याच पॅचमध्ये ही तपासणी नव्हती.

बिटफील्डमध्ये (रजिस्टरातल्या ठरावीक बिटांचा गट) वरची आणि खालची मर्यादा दोन्ही धरून मोजायच्या असतात. तीन बिटांचं फील्ड दोन बिटांच्या मास्कने (हवे तेवढेच बिट उचलणारी चाळण) वाचलं तर ० ते ३ पर्यंत सगळं बरोबर येतं. ४ आल्यावर फसतं, आणि लेखकाच्या टेबलावरच्या मशीनमध्ये ४ कधी येतच नाही.

आकाराचं गणित हाताने करा. पट्टीची क्षमता म्हणजे रोंची संख्या (२ चा रोच्या बिटांइतका घात), तशीच कॉलमांची संख्या, बँकांची संख्या, रँकची संख्या आणि बसची रुंदी यांचा गुणाकार. डीडीआर४ या पिढीच्या मेमरीच्या साध्या पट्टीचं उदाहरण घेऊ. ८ गिगाबिटच्या, ८ बिट रुंद चिप, रोचे १६ बिट, कॉलमचे १०, बँका १६, रँक एक. २ चा २६ वा घात गुणिले १६ म्हणजे २ चा ३० वा घात, इतक्या जागा. प्रत्येक जागेत ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. उत्तर ८ जीबी. पट्टीवरही तेच लिहिलेलं असतं.

आता याच गणितात दोन सापळे आहेत. पहिला: सी भाषेत नुसता १ हा ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक असतो. वरच्या ८ जीबीच्या पट्टीत ३० वा घात त्यात मावतो. तीच पट्टी दोन रँकची, १६ जीबीची झाली की ३१ वा घात होतो आणि तो थेट चिन्हाच्या बिटात जाऊन बसतो. म्हणजे लेखकाच्या मशीनवर सगळं व्यवस्थित आणि गिऱ्हाइकाकडे मोठ्या पट्ट्या लागल्या की आकार वाकडा. शिफ्ट (बिट सरकवून २ चा घात काढणं) ६४ बिटांत होतोय का, आणि गुणाकाराच्या आधीपासून ६४ बिटांत आहे का, दोन्ही बघा. शेवटी कास्ट करून (६४ बिटांचा प्रकार लावून) उपयोग नसतो, तोवर वरचे बिट गेलेले असतात.

दुसरा सापळा डीडीआर५ या पुढच्या पिढीचा, आणि तुम्ही दिलेल्या तुकड्यात तो मला दिसतोय. डीडीआर५ च्या पट्टीत दोन स्वतंत्र उप-चॅनल असतात, प्रत्येक ३२ बिट डेटाचा. १६ गिगाबिटच्या, ८ बिट रुंद चिपला रोचे १६ बिट, कॉलमचे १०, बँका ३२, म्हणजे २ चा ३१ वा घात. उप-चॅनलची रुंदी ४ बाइट धरली तर ८ जीबी, दोन उप-चॅनल मिळून १६ जीबी. हे बरोबर. पण जुन्या फंक्शनची नक्कल करताना ८ बाइटचा गुणक तसाच राहिला आणि उप-चॅनल मात्र दोन मोजले, तर पट्टी ३२ जीबीची दिसते. तुमच्या तुकड्यात शिफ्टमध्ये २० उणे ३ आहे. २० हे उत्तर एमबीत आणण्यासाठी, आणि तो ३ म्हणजे ८ बाइट. हे चूकच आहे असं मी इथून म्हणणार नाही. ते रजिस्टर पूर्ण चॅनलबद्दल बोलतंय की उप-चॅनलबद्दल, यावर ते अवलंबून आहे आणि ते डेटाशीटमधूनच कळेल. पण लेखकाला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डीडीआर५ चा विषय निघालाच आहे तर आणखी एक. या मेमरीत चिपच्या आतही दुरुस्ती असते, १२८ बिट डेटाला ८ तपासणी बिट. त्यामुळे "डीडीआर५ म्हणजे ईसीसी आलंच" असा समज पसरलाय. ती दुरुस्ती चिपच्या पोटात होते. चिप ते कंट्रोलर या वाटेवर बिट उलटला तर तिला पत्ता नसतो, आणि तिने केलेल्या दुरुस्त्यांचा हिशोब ईडॅकपर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून ड्रायव्हरने ईसीसी चालू आहे की नाही हे कंट्रोलरच्या रजिस्टरातला बिट वाचून ठरवायला हवं, मेमरीच्या प्रकारावरून नाही. कोणी प्रकारावरून ठरवलं असेल तर साध्या पट्ट्यांच्या मशीनवरही ईसीसी चालू आहे असं दिसेल, आणि कोणीतरी त्यावर विसंबून महत्त्वाचा डेटा ठेवेल.

चौथा पॅच, पत्त्याचं भाषांतर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सलग पत्ते एकाच चॅनलवर ठेवले तर बाकीचे चॅनल रिकामे बसतात, म्हणून हार्डवेअर पत्ते चॅनलांत वाटून टाकतं. कोणता चॅनल हे पत्त्याच्या एका बिटावरून ठरत नाही, बऱ्याचदा अनेक बिटांचा एक्सऑर करून (त्यांतले १ सम आहेत की विषम ते बघून) ठरतं. शिवाय ४ जीबीच्या खाली डिव्हाइससाठी राखीव पट्टा असतो, तिथली मेमरी वर सरकवलेली असते. आधी हा पट्टा वजा करायचा की आधी वाटणी सोडवायची, हा क्रम प्रोसेसरवर अवलंबून आहे. क्रम चुकला तर ४ जीबीच्या खालचे पत्ते बरोबर येतात आणि वरचे सगळे सरकतात.

इथे मी एक गोष्ट करते ती तुम्हाला मशीनशिवाय करता येईल. भाषांतराचं फंक्शन कर्नलमधून काढून साध्या सी प्रोग्रॅममध्ये ठेवा. रजिस्टर वाचण्याच्या जागी ठरावीक आकडे भरा. मग शून्यापासून मेमरीच्या टोकापर्यंत ६४-६४ बाइटच्या अंतराने सगळे पत्ते त्यातून पळवा, राखीव पट्टा वगळून. ६४ जीबीसाठी हे साधारण १०७ कोटी पत्ते होतात. ऐकायला जास्त वाटतं, पण एका बाजूला चहा होईपर्यंत घरचं मशीन ते संपवतं. आलेली प्रत्येक जागा एका बिटमॅपमध्ये (प्रत्येक जागेला एक बिट) नोंदवायची, १२८ एमबीत तो मावतो. एकाच जागी दोन पत्ते आले तर कोड चुकलाय, त्यात वादच नाही. कारण दोन गट नंबरांचा सातबारा एक असू शकत नाही. एखादी जागा रिकामी राहिली तरी चुकलाय.

या तपासणीची मर्यादाही सांगते. चॅनल १ आणि चॅनल २ यांची कोडमध्ये अदलाबदल झाली असेल तर बिटमॅप भरलेलाच दिसेल. एकास एक जुळणी आहे एवढंच त्यावरून सिद्ध होतं. ती जुळणी खरी आहे हे फक्त हार्डवेअर सांगतं.

हे मी शिकले ते एका वाईट अनुभवातून. बऱ्याच वर्षांपूर्वी मी नोकरीला होते त्या ठिकाणी अशाच एका पॅचला मी रिव्ह्यूड-बाय दिलं होतं. गणित मी तपासलं होतं, ते बरोबर होतं. पण ड्रायव्हरमध्ये चॅनलचा क्रम कंट्रोलरप्रमाणे होता आणि बोर्डावर छापलेली अक्षरं वेगळ्या क्रमाने होती. एका सर्व्हरवर दुरुस्त झालेल्या चुका वाढू लागल्या, लोकांनी ड्रायव्हर सांगेल ती पट्टी बदलली. चुका थांबल्या नाहीत. पुन्हा बदलली. तिसऱ्यांदाही. मग दुरुस्त न होणारी चूक आली आणि चालू काम घेऊन मशीन पडलं. खरी दोषी पट्टी शेजारच्या स्लॉटमध्ये होती. त्या पॅचवर माझं नाव होतं आणि आजही कर्नलच्या इतिहासात आहे. त्यानंतर पट्टी हलवून बघितल्याचा पुरावा असल्याशिवाय मी स्लॉटच्या क्रमाला होकार देत नाही.

तो पुरावा स्वस्त आहे. लेखकाला सांगा, एकच पट्टी घ्या, एकेका स्लॉटमध्ये लावून मशीन सुरू करा आणि ड्रायव्हर तिला कुठे दाखवतो ते लिहा. शेजारी डीएमआयडीकोड या टूलचा (बायोसमधली हार्डवेअरची यादी दाखवतं) प्रकार १७ चा आउटपुट ठेवा, त्यात बोर्डावरचं नाव आणि आकार असतो. दोन्ही जुळले तर आकार आणि स्लॉट, दोन्ही प्रश्न सुटतात.

भाषांतर तपासायला चूक मुद्दाम घालावी लागते. सर्व्हरच्या बायोसमध्ये एसीपीआय मानकातली ईआयएनजे ही चूक घालण्याची सोय चालू असेल तर ठरलेल्या पत्त्यावर दुरुस्त होण्याजोगी चूक टाकता येते, तिचा प्रकार ८. प्रत्येक चॅनलमधला किमान एक पत्ता, ४ जीबीच्या खालचा एक आणि मेमरीच्या टोकाजवळचा एक, एवढं मागा. ईडॅकच्या डीबगमधलं खोटं इंजेक्शन इथे कामाचं नाही. ते ड्रायव्हरच्या भाषांतराला वळसा घालून थेट वरच्या थराला हाक मारतं, त्यामुळे सगळं हिरवं दिसतं. काही ड्रायव्हरांत डीबगएफएसमध्ये (तपासणीसाठी कर्नलने उघडलेल्या फाइली) पत्ता लिहायची सोय असते आणि लिहिलेला पत्ता भाषांतराच्या खऱ्या रस्त्याने जातो. ती असेल तर जरूर वापरा.

एक गोष्ट नवख्यांना फार छळते. चूक टाकली, पण ईडॅकचा आकडा हलतच नाही. कर्नलमध्ये दुरुस्त झालेल्या चुका गोळा करणारा सीईसी नावाचा वेगळा भाग असतो. तो ईडॅकच्या आधी रांगेत उभा असतो आणि त्याने नोंद घेतली की ईडॅक ड्रायव्हर ती सोडून देतो. टेस्टपुरता त्याला बूटच्या वेळी ras=cec_disable असा पॅरामीटर देऊन बंद करायचा. आणि सोडून देण्याची ती तपासणी नव्या कोडमध्ये राहिलीय ना, हेही बघायचं, नाहीतर एकच चूक दोनदा मोजली जाईल.

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात एसी बंद ठेवून घरचं मशीन तापवलं तर खऱ्या चुका येतील का. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, कल्पना सुचणं साहजिक आहे. उष्णतेने सेलमधला भार लवकर गळतो हे खरं. म्हणूनच चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की रिफ्रेशचं (भार पुन्हा भरण्याचं) अंतर निम्मं करतात, डीडीआर४ मध्ये ७.८ मायक्रोसेकंदांवरून ३.९ वर. पण चूक येईल का, कुठे येईल, हे तुमच्या हातात राहत नाही. आणि जागा आधीपासून माहीत नसलेल्या चुकीवरून ड्रायव्हर खरं बोलतोय का हे कळणार कसं? शिवाय ते जुन्या पिढीचं मशीन आहे. त्याला तापवू नका.

मशीन चेकची (प्रोसेसरने पकडलेल्या हार्डवेअरच्या चुकीची) नोंद वाचणारा भागही डोळ्याखालून घाला. इंटेलच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ६३ वा बिट नोंद वैध असल्याचा, ६२ वा एखादी नोंद वाहून गेल्याचा, ६१ वा दुरुस्त न झाल्याचा, ५८ वा पत्ता वैध असल्याचा. हा ५८ वा शून्य असताना पत्त्याचं भाषांतर करायचंच नाही, "जागा माहीत नाही" असं सांगायचं. शेवटच्या चार बिटांत चॅनल असतो आणि तिथे १५ म्हणजे चॅनल सांगितलेला नाही. १५ ला चॅनल नंबर समजून ॲरेमध्ये (चॅनलांच्या यादीत) हात घातला तर कर्नलच पडू शकतो. ३८ ते ५२ या बिटांत दुरुस्त झालेल्या चुकांची संख्या असते. ती न वाचता प्रत्येक वेळी एकच चूक मोजली तर बिघडत चाललेली पट्टी निरोगी दिसते.

सुरुवात आणि आवराआवर याबद्दल थोडक्यात. पीसीआय गेट डिव्हाइस या फंक्शनला मागचं डिव्हाइस दिलं की ते त्याचा रेफरन्स (वापरात असल्याची नोंद) स्वतः सोडतं. लूपमध्ये लोक तो पुन्हा सोडतात, किंवा मध्येच बाहेर पडताना सोडायचा विसरतात. दोन सॉकेटच्या मशीनवर पहिला तयार झाला आणि दुसरा फसला तर पहिल्याचं सगळं परत केलं जातंय का, प्रत्येक गोटू (कोडमधली उडी) कुठे उतरतो, हे बोट ठेवून वाचा. ड्रायव्हर काढताना आधी मशीन चेकच्या साखळीतून नाव काढायचं, मग स्ट्रक्चर मोकळं करायचं. उलट केलं तर मोकळ्या केलेल्या मेमरीत हाक जाऊ शकते. हे तुमच्या जुन्या मशीनवरही तपासता येतं: कासान आणि केमेमलीक (मेमरीचा चुकीचा वापर आणि गळती पकडणाऱ्या कर्नलच्या सोयी) चालू करून मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, शंभरदा घाला-काढा. पहिल्या पॅचने जुन्या पिढीचं काही बिघडवलं नाही, हेही त्यातून कळेल. फर्मवेअरने (बायोसने) चुका स्वतःकडे ठेवल्या असतील किंवा मशीन व्हर्च्युअल असेल तर ड्रायव्हर बाजूला होतो का, तेही सुरुवातीच्या फंक्शनात बघून घ्या.

हे सगळं एक्स८६ (इंटेल-एएमडीचे) सर्व्हर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. आर्म प्रोसेसरच्या बोर्डावर डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन), इंटरप्ट (हार्डवेअरने मारलेली हाक) यांची वेगळी बाजू येते. तुमच्यामागे आणखी अनुभवी मेंटेनर (कोडचा तो भाग सांभाळणारा) ही मालिका बघणार असेल तर तुमच्यावरचा भार थोडा कमी, पण तो बघेलच असं धरून चालू नका. रिव्ह्यूड-बाय दिसलं की पुढचा माणूस त्या भागावरून नजर लवकर फिरवतो.

आणि द्यावं का, हा तुमचा मूळ प्रश्न. कर्नलच्या नियमांत रिव्ह्यूड-बाय म्हणजे तुमचं निवेदन आहे: मी तांत्रिक तपासणी केली, हरकती लेखकाला कळवल्या, त्यांची उत्तरं मला पटली. चालवून बघितल्याची साक्ष वेगळी, तिला टेस्टेड-बाय म्हणतात, आणि ती मशीन असणाऱ्यानेच द्यायची. एका मालिकेतल्या सगळ्या पॅचना एकच उत्तर द्यायचं बंधन नाही. मी तुमच्या जागी असते तर आज पहिल्या पॅचला दिलं असतं, जुन्या मशीनवर मॉड्यूल घालून-काढून बघितल्यावर. दुसऱ्याला "शेवटी हलवा, मग बघते" असं लिहिलं असतं. तिसऱ्याला ८ बाइटचा प्रश्न, सगळे बिट १ आल्यावर काय होतं हा प्रश्न, आणि ऑफसेट कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या प्रकरणातले ही विचारणा. तो दस्तऐवज तुम्हाला मिळू शकत नसेल तर तसं स्पष्ट लिहा: गणित हाताने तपासलं, ऑफसेट तपासले नाहीत. त्यात कमीपणा नाही. मेंटेनरला नेमकं तेच हवं असतं, म्हणजे तो ज्याच्याकडे दस्तऐवज आहे त्याला विचारतो. चौथ्याला बिटमॅपचा निकाल जोडा आणि पट्टी हलवल्याचा आणि चूक टाकून बघितल्याचा लॉग मागा. लॉग येईपर्यंत चौथ्यावर नाव घालू नका, सहकाऱ्याने कितीही आठवण करून दिली तरी. लॉग आला की आधी ४ जीबीच्या वरचा पत्ता बघा, खालचे पत्ते चुकूनही बरोबर येतात.